बाण दाखवणारा गेम आणि वाट सांगणारा गेम

माझं आणि माझ्या भाच्याचं एका गोष्टीवरून गेली दोन वर्षं पटत नाही. तो खारघरला राहतो, मी ठाण्यात नौपाड्यात. एखाद-दोन रविवार आड तो ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून येतो. संध्याकाळी आम्ही तलावपाळीला चक्कर मारायला निघतो आणि मासुंदा तलावाला अर्धा वळसा होईपर्यंत विषय ‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेवर आलेला असतो. त्याचं म्हणणं, या मालिकेत भटकायला आणि साइड क्वेस्ट करायला ‘स्कायरिम’च्या तोडीचा गेम नाही. माझं म्हणणं, तू एका दमात दोन वेगळ्या गोष्टी बोलतोयस आणि म्हणून आपला वाद मिटत नाही.

त्या दोन गोष्टी सुट्या करायला हा लेख लिहितोय. ज्यांनी यातला एकही गेम खेळलेला नाही, त्यांनाही तो कळायला हवा.

आधी शब्द. अशा गेममध्ये एक मोठं जग असतं आणि एक मुख्य कथा. मुख्य कथेशी ज्याचा संबंध नाही, पण वाटेत कुणीतरी आपल्या गळ्यात घातलेलं काम म्हणजे साइड क्वेस्ट. कुणाचा नवरा हरवलाय, कुणाला शेजाऱ्याचा संशय आहे, कुणाला गुहेतली वस्तू हवी आहे. भटकंती म्हणजे कुणीही काहीही सांगितलेलं नसताना ‘त्या टेकडीपलीकडे काय आहे?’ म्हणून चालू लागणं. पहिल्यात माणूस आपल्याला हाक मारतो, दुसऱ्यात जागा. गेम एकच असला तरी ही दोन कौशल्यं वेगळी आहेत, आणि एकाच चमूला एका वेळी दोन्ही सारखी जमतील असं नाही.

बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने ही मालिका १९९४ साली सुरू केली. आमचा वाद तीन गेमपुरता आहे: २००२ चा मॉरोविंड, २००६ चा ऑब्लिव्हियन आणि २०११ चा स्कायरिम. तिन्हींचा दिग्दर्शक एकच, टॉड हॉवर्ड. म्हणून ही तुलना मला महत्त्वाची वाटते. जग तेच, कंपनी तीच, वरचा माणूस तोच, आणि तरी खेळणाऱ्याला वाट कशी दाखवायची याबद्दलचं मत तिन्ही वेळा बदललेलं.

त्याच्याही आधीच्या एका गेमचं नाव घ्यायला हवं, कारण त्याने एक गैरसमज कायमचा मोडला. १९९६ च्या डॅगरफॉलचा नकाशा अवाढव्य होता. त्याची तुलना ग्रेट ब्रिटनच्या आकाराशी होते, आणि गावं, वाडे, तळघरं मिळून पंधरा हजारांवर ठिकाणं. पण त्यातली बहुतेक ठिकाणं माणसाने बसून रचलेली नव्हती, संगणकाने ठरावीक तुकडे जोडून तयार केली होती. दोन गावांमध्ये चालत जायचं म्हटलं तर तासन् तास मोकळं रान, आणि पोचल्यावर दिसणारं गाव मागच्या गावासारखंच. पुढच्या मॉरोविंडमध्ये बेथेस्डाने सगळा पसारा आवरून एकच बेट घेतलं, आणि ते हाताने रचलं. हे वार्डनफेल बेट ठाणे महापालिकेच्या हद्दीत आरामात मावेल. तरी ज्यांनी ते पालथं घातलंय ते आजही त्यातल्या ओढ्याकाठच्या गुहेबद्दल बोलतात. भटकंतीचा दर्जा चौरस किलोमीटरवर ठरत नाही, हे तिथे सिद्ध झालं.

आता बाणाकडे येऊ.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे लगेच कळेल. हल्ली अनेक किल्ल्यांच्या वाटांवर दगडांवर रंगाने बाण काढलेले असतात. बाण दिसला की नजर पुढचा बाण शोधते. मी पहिल्यांदा माहुलीला गेलो तेव्हा पायथ्याच्या गावात एका आजोबांना वाट विचारली होती. त्यांनी सांगितलेलं आजही आठवतं: ओढा लागेल, तो ओलांडायचा, मळलेली वाट सोडायची नाही, ढोरवाटा फुटतात त्यांच्या नादी लागायचं नाही, आणि खिंडीकडे तोंड ठेवायचं. त्या दिवशी मी प्रत्येक झाड बघितलं, कारण बघणं भाग होतं. पुढे एकदा दुसऱ्या एका किल्ल्यावर बाणांच्या मागे गेलो. वर पोचलो लवकर, पण त्या वाटेवरचं आज मला एक झाड आठवत नाही.

मॉरोविंड हा त्या आजोबांसारखा गेम आहे. त्यात जायची जागा दाखवणारा बाण नाही. सुरुवातीच्या एका कामात आर्कंगथँड नावाच्या जुन्या अवशेषांतून एक छोटी कोड्याची पेटी आणायची असते. सांगणारा सांगतो ते साधारण असं: बाल्मोरा गावातून दक्षिणेकडून बाहेर पड, नदीवरचा पूल ओलांड, मूनमॉथच्या किल्ल्याजवळून वर चढ, लाव्हाच्या घळीवर एक प्राचीन पूल लागेल, त्याच्या पलीकडे दार आहे, आणि दार उघडायला जवळच्या पाइपवरची कळ फिरव. हे काम मुख्य कथेतलं आहे, पण साइड क्वेस्टमध्येही रीत हीच. ऐकलेलं आपल्या रोजनिशीत नोंदलं जातं आणि पुढचं सगळं आपल्या डोळ्यांवर. काही ठिकाणी तर सांगितलेली दिशाच चुकीची निघते आणि माणूस तास-तास फिरतो. तो दोषच आहे, त्याचं मी समर्थन करत नाही.

प्रवासाचंही तसंच. नकाशावर बोट ठेवलं आणि पोचलो, अशी सोय मॉरोविंडमध्ये नाही. सिल्ट स्ट्रायडर नावाचा एक प्रचंड, लांब पायांचा किडा आहे, त्याच्या पाठीवर बसून एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं. प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला तो जात नाही. मार्ग ठरलेले आहेत, मध्ये बदलावं लागतं, बंदरांवर होड्या आहेत, जादूगारांच्या संघात पैसे देऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठवणारी माणसं आहेत. आपल्या एसटीसारखं. गाडी फाट्यापर्यंत सोडेल, पुढे पायी. आणि त्या पायी जाण्यातच गेमची अर्धी श्रीमंती आहे.

सुरुवातीच्या सेडा नीन गावातून बाहेर पडून थोडं चाललं की वरून किंकाळी ऐकू येते आणि एक माणूस आकाशातून समोर येऊन आपटतो. मेलेला. त्याच्याजवळच्या कागदांवरून कळतं की त्याने उंच उडी मारण्याची जादू शोधली होती. त्या जादूच्या तीन गुंडाळ्या त्याच्या अंगावर सापडतात. वाचल्या की आपणही ढगांपर्यंत उडतो. मात्र जादू काही सेकंदच टिकते आणि उतरण्याची सोय त्याने केलेली नव्हती. जमिनीवर यायच्या आत दुसरी गुंडाळी वाचली नाही तर आपली गत त्याच्यासारखीच. हे काम आपल्याला कुणी दिलेलं नाही, यादीत कुठे नोंद नाही, बक्षीस नाही. मी पहिल्यांदा उडी मारली आणि मेलो. भाच्यानेही तेच केलं. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी हा प्रसंग त्या रस्त्याकडेला ठेवून दिला, आणि तो अजून प्रत्येक नव्या माणसाला तिथेच गाठतो. भटकंतीची रचना म्हणजे हे.

मग २००६ ला ऑब्लिव्हियन आला आणि पडद्यावरच्या होकायंत्राच्या पट्टीवर बाण आला. कुठलंही काम घ्या, जायचं कुठे ते पट्टीवर दिसणार. मोठी शहरं नकाशावर पहिल्यापासून उघडी, बोट ठेवलं की थेट तिथे. हे खेळणाऱ्यांच्या आळसापायी झालं असं जुने लोक म्हणतात, ते मला पटत नाही. एक मोठं कारण मला आवाजात दिसतं. मॉरोविंडमधली माणसं बहुतेक वेळा लिहून बोलतात, ऑब्लिव्हियनमध्ये सगळी माणसं तोंडाने बोलतात. लिहिलेल्या मजकुरात ‘ओढा ओलांड, मग डाव्या हाताला वळ’ अशा दहा ओळी घालायला काही लागत नाही. तेच नटाकडून वदवून घ्यायचं, ध्वनिमुद्रित करायचं, डिस्कवर बसवायचं आणि उद्या गुहेची जागा हलली तर पुन्हा बोलवायचं, हे फार महाग पडतं. माणसं बोलू लागली तसं वाट सांगणं कमी झालं आणि ते काम बाणाने उचललं.

पण त्याच बोलण्यामुळे ऑब्लिव्हियनच्या साइड क्वेस्ट या मालिकेत सर्वांत उत्तम झाल्या, आणि या मुद्द्यावर मी हटत नाही. स्किनग्राड शहरात ग्लार्थिर नावाचा एक घाबरट माणूस आपल्याला गाठतो आणि मध्यरात्री देवळामागे भेटायला बोलावतो. गावातली काही माणसं त्याच्यावर पाळत ठेवून आहेत अशी त्याची खात्री आहे. पैसे देतो, म्हणतो, एकेकाच्या मागे जा आणि मला सांग. आपण दिवसभर त्यातल्या एका बाईच्या मागे फिरतो. ती शेतावर जाते, घरी येते, झोपते. तिचा याच्याशी काही संबंध नाही. आता ग्लार्थिरला काय सांगायचं? ‘हो, पाळत आहे’ म्हटलं तर पुढे तो त्या निरपराध माणसांचा जीव घ्यायला सांगतो. ‘नाही’ म्हणत राहिलं तर तो आपल्यालाही कटात सामील धरतो. पहारेकऱ्यांच्या प्रमुखाला जाऊन सांगता येतं. कुठल्याही उत्तराने मन हलकं होत नाही.

त्याच शहरात मारेकऱ्यांच्या टोळीसाठी एक काम आहे. एका वाड्यात पाच पाहुणे बोलावलेले आहेत. लपवलेला सोन्याचा पेटारा शोधायचा असं त्यांना सांगितलंय, दार बाहेरून बंद. आपण सहावे. एकेकाला संपवायचं, आणि कुणाच्या डोळ्यांदेखत न करता केलं तर जास्त मोबदला. पहिलं प्रेत सापडल्यावर उरलेल्यांची बोलणी बदलतात. कोण कुणाला दोष देतो, कोण दारू पीत बसतो, कोण आपल्याजवळ येऊन रडतो. त्यांच्या मनातला संशय एकाकडून दुसऱ्याकडे वळवता येतो. मी हे काम पहिल्यांदा केलं तेव्हा शेवटचा पाहुणा उरल्यावर थांबलो, खुर्चीवरून उठलो, पाणी प्यायलो आणि मग परत आलो. गेममध्ये एवढ्या जवळून माणसं भेटल्याचं मला फारसं आठवत नाही.

पण या शहरांच्या बाहेर पडलं की ऑब्लिव्हियनची जमीन पातळ लागते. गुहा एकमेकींसारख्या. त्यात आपली पातळी वाढेल तशी शत्रूंचीही वाढते. म्हणजे सुरुवातीला चामड्याचं चिलखत घालणारा वाटमाऱ्या पुढे अत्यंत महागडं काचेचं चिलखत घालून येतो आणि आपल्याकडे शंभर नाणी मागतो. कुठल्याही दिशेला गेलं तरी धोका सारखाच असेल, तर कुठली दिशा निवडली याला अर्थ राहत नाही. मॉरोविंडमध्ये चुकीच्या गुहेत शिरलं की मरण, आणि योग्य गुहेत योग्य धाडस केलं की पहिल्याच दिवशी मातब्बर तलवार. तिथे जागांना स्वभाव होता.

आता भाच्याचा लाडका स्कायरिम. त्याच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं बोलतो, कारण इथे तो बराच खरा आहे.

रिव्हरवुड या पहिल्या गावात उभं राहून वर पाहिलं की डोंगराच्या कडेवर दगडी कमानी दिसतात. नजर तिथे जाणार आणि पाय नजरेमागे, हे रचणाऱ्याला ठाऊक आहे. ते ब्लीक फॉल्स बॅरो. गावातल्या दुकानदाराचा सोन्याचा पंजा चोरीला गेलेला आहे, तो तिथेच मिळतो. आत एका दारावर तीन फिरती वर्तुळं, प्रत्येकावर प्राण्यांची चित्रं. उत्तर कुठे लिहिलंय? पंजा हातात घेऊन उलटा करून बघायचा: तळव्यावर अस्वल, पतंग, घुबड, याच क्रमाने. हे कोडं बाण सोडवून देत नाही. आणि तळाशी पोचल्यावर आल्या वाटेने परत फिरायचं नाही, डोंगराच्या दुसऱ्या अंगाने बाहेर पडायचं, समोर तळं. ऑब्लिव्हियनच्या गुहांनंतर हा बदल मोठाच होता.

आणि फ्रॉस्टफ्लोचं दीपगृह. उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावर ते एकटं उभं आहे. आत शिरलं की जमिनीवर एक बाई मरून पडलेली, बाजूला एक मोठा मेलेला किडा. कुणी बोलायला नाही. खोल्यांमध्ये वह्या पडल्यात: नवऱ्याची, बायकोची, मुलीची. वाचत गेलं की कळतं, एक कुटुंब समुद्राजवळ राहायचं म्हणून इथे आलं होतं. तो पूर्वीचा खलाशी. रात्री तळघरातून आवाज यायचे. तळघराच्या भिंतीला भोक आहे, त्यातून खाली बर्फाच्या गुहा, आणि तिथे काय झालं ते आपल्याला पाहावं लागतं. मेल्यावर आपल्याला दीपगृहाच्या आगीत ठेवावं, अशी त्या खलाशाची इच्छा असते. त्याचे अवशेष खालच्या सर्वांत मोठ्या किड्याच्या पोटात सापडतात. ते घेऊन वर चढायचं आणि आगीत ठेवायचे. तसं केलं की जखमा भरणाऱ्या जादूत दहा टक्के वाढ मिळते. या सगळ्याला बाण नाही, यादीत नाव नाही. वाचलं नाही तर कळणारच नाही.

भाचा ही गोष्ट मला सांगत होता तेव्हा तलावपाळीला कठड्याजवळ थांबला होता. म्हणाला, “मामा, ही साइड क्वेस्ट नाही तर काय आहे?” मी म्हटलं, “अरे, ही भटकंती आहे. हे काम तुला माणसाने दिलं का जागेने?” त्यावर तो गप्प झाला नाही, पण वाद तिथून पुढे सरकला.

कारण स्कायरिममध्ये माणसांनी दिलेल्या कामांचं काय होतं बघा. बरीच कामं साच्यातून निघतात. गेमकडे एक चौकट आहे: अमुक माणूस, अमुक वस्तू, अमुक गुहा. रिकाम्या जागा तो स्वतः भरतो आणि अशी कामं संपतच नाहीत. या गुहेतल्या डाकूंच्या म्होरक्याला मार, त्या खाणीतून हे आण. गंमत अशी की गुहा निवडताना आपण अजून न पाहिलेल्या जागेला हा साचा झुकतं माप देतो. म्हणजे इथे काम हे भटकायला पाठवण्याचं निमित्त आहे. चांगल्या हाताने लिहिलेली कामंही आहेत. मॉर्थाल गावात जळालेल्या घरातली मुलगी भूत होऊन आपल्याशी लपाछपी खेळते, ते विसरता येत नाही. पण एकूण तराजू जमिनीकडे झुकलेला.

‘बाण नको तर बंद कर’ हा नेहमीचा युक्तिवाद. स्कायरिममध्ये काम यादीत निष्क्रिय करून बाण घालवता येतो. पण मग रोजनिशी उघडली तर तिथे एवढंच: ‘अमुक गुहेतून तलवार आण.’ गुहा कुठे? उत्तरेला का दक्षिणेला? कुणीच सांगितलेलं नाही, कारण बाण सांगणार होता. खारघरच्या इमारतीचं लोकेशन मोबाइलवर पाठवणाऱ्या माणसाला ‘फोन बंद ठेवून ये’ म्हणण्यासारखं आहे ते. जांभळी नाक्यावर कुणी ‘कोपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूने आत शिर’ म्हणून सांगितलं असेल तर फोन खिशातच राहू शकतो.

म्हणून गेम पारखताना मी दोन वेगळे प्रश्न विचारतो. भटकंतीसाठी: बाण झाकला तर मला इथे जावंसं वाटेल का, आणि जाता येईल का? साइड क्वेस्टसाठी: हे काम करताना मला काही ठरवावं लागलं का, की फक्त पोचावं लागलं? या दोन चाळण्यांतून माझा निकाल असा: जमीन स्कायरिमची, माणसं ऑब्लिव्हियनची, आणि माणसांनी सांगितलेल्या शब्दांवर जमीन तुडवायला लावणारा एकटा मॉरोविंड. मॉरोविंडची कित्येक कामं कथा म्हणून साधीच आहेत, ‘हे पोचव, त्याला मार’ छापाची. पण तिथे जाण्याची वाट कामाचाच भाग असल्याने ती साधी राहत नाहीत.

भाच्याचा एक मुद्दा मात्र माझ्या मनात अजून घर करून आहे. तो म्हणाला, “मामा, रात्री साडेनऊला घरी येतो मी. जेवून तासभर मिळतो. त्यात वाट चुकायला वेळ कुठून आणू?” ऐरोलीला नोकरी करणाऱ्या माणसाचा हा खरा प्रश्न आहे आणि बाण लाखो लोकांना हवासा वाटला त्यामागे हेच आहे. स्कायरिमच्या सहा कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या, त्या उगाच नाही. त्याला मी एवढंच म्हणालो, एक रविवार माझ्याकडे ये आणि बाणाशिवाय खेळून बघ.

तो आला. माझ्या संगणकावर मॉरोविंड लावून दिला. आर्कंगथँडचं काम आल्यावर त्याने जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान मागितलं आणि पेन्सिलने लिहिलं: ‘दक्षिण. पूल. किल्ला. मग जुना पूल.’ पहिल्यांदा तो किल्ल्याच्या पुढे निघून गेला, कुठल्याशा प्राण्याने त्याला मारलं. पुन्हा. या वेळी किल्ल्यापाशी थांबला, रोजनिशी उघडली, शब्द न् शब्द वाचला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. “वर चढ म्हणालाय तो,” तो स्वतःशीच म्हणाला. थोड्या वेळाने आवाज आला, “पूल दिसला! मामा, घळीवर आहे बघ.” मी बाहेर आलो तेव्हा तो दारासमोर उभा होता आणि दार उघडत नव्हतं. कागदावर कळीबद्दल त्याने लिहिलंच नव्हतं. पाच मिनिटं तो त्या दाराभोवती घोटाळला, मग खडकात गेलेला पाइप त्याला दिसला.

तेवढ्यात ताईचा फोन आला, निघालास का म्हणून. त्याने गेम दाराच्या आत पाऊल टाकल्यावर सेव्ह केला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. पेटी एवढीशी आहे, मुठीत मावेल अशी, आणि आत खोल्या बऱ्याच. ती कुठल्या फळीवर आहे ते मी त्याला सांगितलेलं नाही.